सोचिलच्या हातची राजगिरा वडी

संग्रामने मुहूर्त अगदी नेमका काढला. मेक्सिकोच्या सोचिलशी त्याला लग्न करायचं होतं, म्हणून आईला दाखवायला तो तिला आखातातल्या करामा वस्तीतल्या घरी घेऊन आला, आणि नेमकी त्या दिवशी एकादशी. शालिनीताईंचा उपास म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. सोचिल तर आजीने शिकवलेली मधाची वडी स्वतः करून त्यांना खिलवायला आली होती. तिच्या घरची रीत अशी, की पहिली वडी मोडून अर्धी यजमानीणबाईंना द्यायची. त्यांनी नाही म्हटलं तर पोरगी नापसंत.

"आई, नुसती ओठाला लाव," संग्राम कुजबुजला.

"एकादशी आहे. खलास."

म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना वाईट वाटत होतं. पोरगी मनात भरली होती. पण नेम तो नेम.

सोचिलने पिशवी उघडली. शालिनीताईंनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हा तर आपला राजगिरा. उपासाचा."

"तिकडचे पूर्वीचे ॲझ्टेक लोक देवासाठी याचा नैवेद्य करायचे म्हणते," संग्रामने तिचं बोलणं मराठीत सांगितलं.

"मग बरोबर आहे त्यांचं."

सोचिलने तापल्या कढईत मूठभर दाणे टाकले, आणि दोघींचे हात एकदमच फडक्याकडे गेले. फडक्याने दाबताच दाणे तडतडले, लाह्या ओटाभर उडाल्या. मध उकळल्यावर पाक झाला का बघायला शालिनीताईंनी वाटीत पाणी घेतलं. सोचिलही पाणीच शोधत होती. पाण्यात मधाच्या थेंबाची गोळी जमली तशा दोघी हसल्या.

इतक्यात सोचिलने पर्समधून भोपळ्याच्या बिया काढल्या.

"बिया चालत नाहीत हं," संग्रामच्या वडिलांनी, भानुदासरावांनी, बाहेरच्या खोलीतून काडी टाकली. "तुमच्याच माहेरचा नियम."

संसारात आजवर शालिनीताईंनी उपासात एकही नवा दाणा शिरू दिला नव्हता. त्यांनी एक बी उचलून निरखली.

"लाल भोपळा चालतो ना? मग त्याची बी काय परक्याची? घाल गं, यल्ला, चल लवकर."

वड्या थापल्या, निवल्या. सोचिलने पहिली मोडली आणि अर्धी पुढे केली. शालिनीताईंनी ती तिच्याच हातून खाल्ली आणि सावकाश चावली. गोडाने नाही, आनंदाने त्यांचे डोळे भरले.

"आई, मग?" संग्रामने विचारलं.

"मग काय? तिच्या आईला फोन लाव. मराठीत मी बोलते, बाकीचं तू बघ."