घरी दुखलं की काय म्हणतात?

मित्रांनो, मी बालवाडीतली एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. सुताराने मला तुमच्याच मापाने बनवले, पण माझ्यावर बसतात त्या बाई. बसल्या की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकतात. मोठ्या खुर्चीवरून मुलांची नुसती डोकी दिसतात, डोळे दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. माझे कौतुक म्हणाल तर एकदा पिवळा रंग लागला, तेवढेच. त्याचेही मला फारसे काही वाटले नाही. लाकडाला काय वाटणार?

आमच्या वर्गात घरोघरची भाषा वेगळी. बाईंना चार भाषा येतात, पण त्या काही हौसेने शिकलेल्या नाहीत. आईची एक, वडिलांची दुसरी, सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंची तिसरी. शाळेत गेल्या तर तिथे चौथीच निघाली. वर्षभर त्या गप्प बसल्या आणि सगळे त्यांना 'मुकी' म्हणू लागले. म्हणून मूल पडले, रडले, तरी बाई "रडू नको" म्हणत नाहीत. त्याच्या घरी दुखल्यावर जो शब्द म्हणतात, तोच म्हणतात. भाषा येत नसली, तर सोडायला आलेल्या आईकडून तेवढा एक शब्द दारातच शिकून घेतात. तो ऐकला की मूल कुशीत शिरते.

मध्यंतरी बाईंची आई गेली. बाई परत आल्या, गाणी म्हणू लागल्या, नाके पुसू लागल्या, डबे उघडून देऊ लागल्या. डोळ्यांत मात्र टिपूस नाही. मुले झोपल्यावर त्या सफाईवाल्या ताईंना म्हणाल्या, "आईची भाषा बोलायला आता घरात कुणी उरलं नाही. आणि मला काहीच वाटत नाही हो. अशा बाईनं मुलांपुढे बसू नये. महिनाअखेर सोडते मी."

"अहो, असं काय करता?" ताई म्हणाल्या आणि फरशी पुसत राहिल्या. मी नुसती उभी होते.

काल कपाटाच्या दारात बाईंचे बोट चेंगरले. त्यांनी हूं की चूं केले नाही. माझ्यावर येऊन बसल्या. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे तोंड कधी मिटत नाही म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात. ती धावत आली.

"बाई, दुखलं?"

"नाही गं."

"खोटं! लाल झालंय. तुमच्या घरी दुखलं की काय म्हणतात?"

बाईंचे ओठ हलले, पण शब्द लवकर येईना. मग आला. टकळीने बोटावर फुंकर घातली, तो शब्द म्हणून पाहिला आणि पार वाकडा केला. बाईंना रडू फुटले.

"असं नाही गं. जीभ टाळूला लाव."

टकळीने पुन्हा म्हटला, पुन्हा वाकडाच.

मित्रांनो, कुणी गप्प झाले तर त्याला बोल बोल म्हणून दटावू नका. जवळ बसा. टकळी माझ्या पायाशी बसून राहिली होती. घरी जायची वेळ झाली, तरी तिला तो शब्द जमला नव्हता.

"राहू दे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "हे काही महिनाअखेरपर्यंत यायचं नाही. वर्ष तरी लागेल आपल्याला."