टबातलं तपकिरी पाणी

निगडीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर ओळीनं निळे टब, टबांत माणसांचे पाय, आणि दादासाहेब नावाचे आरोग्यगुरू माइकवर गरजत होते, "बघा मंडळी! इंजेक्शनं, गोळ्या, लशी, सगळं विष तळव्यातून निथळतंय!"

आणि खरंच, दहा मिनिटांत टबातलं स्वच्छ पाणी तपकिरी झालं. वर काळपट साय धरली. "अगं बाई, केवढं हे!" म्हणत पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले.

तिसऱ्या टबात माझा मेहुणा खंडू दर रविवारसारखाच पाय बुडवून बसला होता. वय अठ्ठेचाळीस, दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टर वर्षभर सांगत होते, तुम्हाला न्यूमोनिया झेपायचा नाही, लस घ्या. खंडूचं एकच पालुपद, "लशीत विष असतं, दाजी." मी घसा कोरडा करून थकलो. शेवटी त्याची बायको सोजर रडकुंडीला आली, "दाजी, आयटीआयत एवढी पोरं शिकवलीत, आता ह्यांना शिकवा."

माझं डोकं मुळातच गरम. मी रांग धरली. नंबर आला तसा खुर्चीवर चक्क मांडी घालून बसलो.

"अहो, पाय टबात ठेवा," दादासाहेब म्हणाले.

"माझे पाय माझ्यापाशीच बरे. तुम्ही मशीन चालू करा."

ते करेनात, म्हणून बटण मीच दाबलं. लोक माना उंचावून बघत राहिले. दहा मिनिटांत पाणी तपकिरी!

"आता हे विष कुणाच्या तळव्यातलं हो?"

दादासाहेब टबाकडे बघत म्हणाले, "तुमच्या... आभेतून उतरलं."

सगळं सभागृह हसलं. मी माइक घेतला. "मंडळी, पाण्यात मीठ आहे. टबात लोखंडाच्या दोन पट्ट्या आहेत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की पट्टी झिजते, लोखंड पाण्यात उतरतं आणि गंजतं. हा रंग त्या गंजाचा. पाय असले काय न् नसले काय!"

टाळ्या पडल्या. काहीजण शिव्या घालत उठले. काहीजण मात्र टबात पाय ठेवून तसेच बसून राहिले.

परतताना रिक्षात मी भलताच खुशीत होतो. "काय राव खंडू, चाकणच्या कारखान्यात वीस वर्षं प्लेटिंगच्या टाकीवर, विजेनं धातूचा मुलामा चढवण्यात काढलीस. वीज सोडली की धातू झिजतो, हे मी तुला सांगायचं?"

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," खंडू म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो. "मग जात कशाला होतास?"

"ते दादासाहेब शेजारी बसून विचारायचे, खंडूभाऊ, झोप लागते का? मन कशात लागतं का? हॉस्पिटलात वजन विचारतात. घरी गोळी घेतली का, विचारतात." तो बाहेर बघत राहिला. "मला जगायचंच नाही, दाजी. दोन वर्षं झाली. मग लस कशाला? पण हे सोजरला कसं सांगू? लशीत विष हाय म्हटलं की नुसतं भांडण होतं. खरं सांगितलं तर ती खचेल."

मी त्याचा हात घट्ट धरला. मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे नैराश्य आहे, लांबलेल्या आजारात पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचार सुरू झाले. खंडू थोडं जेवू लागला, बोलू लागला. तिसऱ्या आठवड्यात आपणहून म्हणाला, "सोमवारी डायलिसिसला जाईन तेव्हा ती लस घेऊन टाकतो."

शनिवारी त्याला ताप भरला. न्यूमोनिया निघाला. नवव्या दिवशी खंडू गेला.

लस घेतली असती तर वाचलाच असता, असं डॉक्टर म्हणत नाहीत. धोका कमी झाला असता, एवढंच म्हणतात. मला तेवढंही पुरलं असतं.

तेव्हा बाबांनो, तळव्यातून विषबिष काही गळत नाही. जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून लस घ्या, उद्यावर ढकलू नका. आणि घरातला आजारी माणूस नको म्हणाला, तर त्याला नुसतं शहाणपण ऐकवू नका. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे आधी विचारा. मी खंडूशी वर्षभर वाद घातला. हे मात्र त्याला एका भोंदूनं विचारलं, मी नाही.