दहा मोजेपर्यंत

फिटरने वॉचमनची कॉलर धरली तसं फोटोग्राफरने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. खटाखट सात-आठ फोटो निघाले आणि कॅमेऱ्याने मान टाकली. पडदा काळा ठिक्कर. बटणं दाबली, चाक फिरवलं, आईमाईवरून शिव्या घातल्या, पण ढिम्म.

त्यावर इलाज एकच होता. बॅटरी काढायची, दहापर्यंत मोजायचं, परत घालायची. घाई केली तर पुन्हा बंद. मोटरसायकल विकून घेतलेला हा कॅमेरा असली नाटकं करायचा आणि दुकानात नेला की शहाण्यासारखा वागायचा. घरी तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरसमोर उड्या मारतं ना, तसा. 'काहीच बिघाड नाही,' असं त्या लोकांनी तीनदा लिहून दिलं होतं.

तो मान खाली घालून मोजत होता. कारखान्याच्या फाटकाशी दांडक्याचे आवाज येत होते, ओल्या पोत्यावर बसावेत तसे बद्द बद्द. फिटर ओरडला, मग नुसता कण्हला. फोटोग्राफरला वर बघायचं होतं, पण बॅटरीचं झाकण बसत नव्हतं. कॅमेरा चालू झाला तेव्हा कसाबसा उठलेल्या फिटरच्या हातात लोखंडी पाना होता आणि तो वॉचमनच्या कपाळावर उतरत होता. रक्ताची चिळकांडी उडाली. फोटोत तिचा थेंब न् थेंब स्पष्ट आला. त्या बाबतीत कॅमेऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर आधी कॉलर, मग पाना. फिटरवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. गुडघा फुटलेला, तीन बरगड्या मोडलेल्या, आणि हाताला दवाखान्याच्या खाटेशी बांधणारी बेडी. मारून पळताना पायऱ्यांवरून पडला, असं वॉचमनने सांगितलं आणि फाटकावरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

फिटरची बहीण पेपरच्या ऑफिसखाली जिन्यात थांबली होती.

"कामावरून काढलं ते काढलं. भाऊ आपली हत्यारांची पेटी मागायला गेला होता फक्त," ती म्हणाली. "मधले फोटो कुठे आहेत, दादा?"

"कॅमेरा बंद पडला होता."

ती एक पायरी वर चढून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बंद पडला, की बंद ठेवायला सांगितलं कुणी?"

कानाखाली बसावी तसं त्याला झालं. तो तिथून तडक पोलीस ठाण्यात गेला.

कपाळाला पट्टी बांधलेला वॉचमन तिथेच बाकावर बसला होता, जबाबावर सही करायला आलेला. तपास अधिकाऱ्याने फोटोग्राफरचं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही मारताना पाहिलंत?"

"ऐकलं, साहेब. मी खाली बघत होतो. बॅटरी काढत होतो."

"आवाजावर केस उभी करू? हा म्हणतो, दांडकं कमरेवरून सुटलंच नाही."

"एवढा महागाचा कॅमेरा बंद पडेल होय?" वॉचमन हसला.

"पडतो. आत्ता दाखवतो."

त्याने पंख्याचे फोटो काढले, भिंतीचे काढले, जबाब टाइप करणाऱ्या शिपायाचे काढले. कॅमेरा घोड्यासारखा पळत होता. तो बंद पडावा म्हणून फोटोग्राफर आयुष्यात पहिल्यांदाच देवाचा धावा करत होता. त्याला रडू यायचं बाकी होतं.

"समोर काही हलत असलं की अडकतो," तो म्हणाला.

"मग हल रे जरा तू," अधिकारी कंटाळून वॉचमनला म्हणाला.

वॉचमन उठला आणि लाजत दोन पावलं चालला.

"असं नाही. जोरात हलायला हवं," फोटोग्राफर म्हणाला. "दांडकं फिरवून."

अधिकाऱ्याने मान हलवली. वॉचमनने दांडकं काढून हवेत एकदा उगाच फिरवलं. दुसऱ्यांदा जरा अंग घातलं. तिसऱ्यांदा तो खोली विसरला. त्याने दात खाल्ले, डाव्या हाताने समोर नसलेल्या माणसाचे केस मुठीत धरून पिरगाळले आणि दांडकं खाली, पार गुडघ्याच्या उंचीवर हाणलं. मग त्याच्याही खाली. मधे आलेली खुर्ची भिंतीवर जाऊन आदळली, तिचा पाय मोडला. शिपायाचं टायपिंग थांबलं.

"बस," अधिकारी म्हणाला. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "इतक्या खाली कशाला मारायचं रे?"

"तो बसला होता ना, साहेब." वॉचमन धापा टाकत होता, खुशीत होता. "पहिल्याच फटक्याला बसला."

कॅमेरा खटाखट चालूच होता. बटणावरचं बोट उचलायचं फोटोग्राफरला भान राहिलं नव्हतं.

अधिकाऱ्याने टेबलावरून हात पुढे केला.

"दांडकं इकडे दे," तो म्हणाला.