गप्प बसलेला बाप

शिंप्याची थोरली लेक बोलण्यात अशी पटाईत, की घरीदारी सगळे तिला तोफच म्हणत. दुसऱ्या दिवशी वाचनालयाची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता एक जुनी, नावाजलेली कादंबरी. तिच्यातला बाप कारकून. साहेब त्याला भर कचेरीत नको नको ते बोलतो, पोटचा मुलगा दारात उभा, आणि हा गृहस्थ हात जोडून गप्प! तोफेनं केव्हाच निकाल लावून टाकला होता: बाप भित्रा. पहिलं बक्षीस आपलंच, याबद्दलही तिला शंका नव्हती. आता नसते एकेकाला शंका, काय करणार!

दुकानात बसून ती भाषण घोकत होती, तोच एक गिऱ्हाईक तणतणत आलं. अंगात नवा कोट, बाह्या पार बोटांपर्यंत.

"मास्तर, माझे हात काय गुडघ्यापर्यंत आहेत? तुम्हाला डोळे आहेत की बटणं?"

"चूक झाली साहेब," बाबा म्हणाले. "संध्याकाळी घरी आणून देतो."

साहेबांनी आणखी चार शब्द सुनावले, कोट काढून टेबलावर आपटला आणि गेले. तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, कादंबरीतला तो आणि तुम्ही, एकाच माळेचे मणी! भित्रे कुठले!"

बाबांनी नुसता कोट उचलला आणि त्याच रंगाचा दोरा आणायला बाहेर पडले.

कोपऱ्यात काजं करत बसलेली मावशी मात्र गप्प बसणारी नव्हती. "जास्त उडू नकोस. मापाची वही उघड."

वहीत साहेबांचं माप होतं, आणि अक्षर तोफेचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! पंधरा दिवसांपूर्वी बाबा जेवायला गेले असताना तिनंच मोठ्या ऐटीत ते घेतलं होतं.

मावशीनं टेप तिच्या नाकासमोर धरला. "पहिले दोन इंच केव्हाचे फाटून गेलेत. तुझा बाप मनातल्या मनात दोन वजा करतो. तू केलेस?"

बाबा परत आले तेव्हा तोफेचा आवाज पार बसला होता. "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगून बाही आखूड झाली असती का? आणि उद्याचे परीक्षक तेच आहेत, बाई माझे! फाटका टेप मी ठेवला, तेव्हा चूक माझीच." तोफेला आपलीच भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेब तोच कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. बाबा अगदी मागे. तोफ उभी राहिली.

"कादंबरीतला मुलगा बापाला भित्रा म्हणतो. मीही म्हणत होते. पण 'बाबा, तुम्ही गप्प का बसलात?' हे तो एकदाही विचारत नाही. काल मी माझ्या बाबांना विचारलं." ती साहेबांकडे वळली. "तुमच्या कोटाचं माप मी चुकवलं होतं. बोलणी बाबांनी खाल्ली."

पुढचं पाठ केलेलं एकही अक्षर तिला आठवेना. ती तशीच खाली उतरली.

बक्षीस दुसऱ्याच मुलीला गेलं. बाहेर पडताना बाबा भडकलेच. "अगं शहाणे, कुणी विचारलं होतं तुला? गप्प बसली असतीस तर बक्षीस आज घरात असतं!"

"असतं ना," ती म्हणाली. "पण बाबा, मी गप्प बसले असते, तर ते मात्र खरंच भित्रेपण झालं असतं."