भट्टीची लाइन

गेली

लाइट गेली आणि भट्टीतला दात मेला.

दात मरतो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हा दात अजून कुणाच्या तोंडात गेलेला नव्हता. चिनीमातीची पिठासारखी पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशनं धातूच्या टोपीवर तिचे थर चढवायचे आणि टोपी भट्टीत ठेवायची. भट्टीचा पंप आतली हवा ओढून घेतो, आच वाढत जाते, पूड वितळते आणि दातासारखा दात तयार होतो. मधेच लाइट गेली की हवा पुन्हा आत शिरते, थरांत बुडबुडे अडकतात आणि बाहेर येतं ते नासलेल्या दुधासारखं काहीतरी. ते कुणाच्या तोंडात बसवायचं म्हणजे त्या माणसाशी वैर धरायचं.

हे काम करणारी बाई गल्लीत कवळीवहिनी म्हणून प्रसिद्ध होती. तिनं जन्मात एक कवळी केली नव्हती, ती एकेक दात घडवायची. पण गल्लीनं एकदा नाव ठेवलं की ते बदलायला गल्लीच सोडावी लागते. आपण तिला नुसतं वहिनी म्हणू.

बाहेर जिन्याखाली जनरेटर घरघरला. तो अण्णांचा. अण्णा म्हणजे वहिनीचे सासरे. लाइट गेली की अंगणातल्या खुर्चीतून उठायचं, भिंतीवरचं चेंजओव्हरचं हँडल खट्‌कन खाली पाडून घर लाइनवरून जनरेटरवर घ्यायचं, मग दोरी ओढायची. नोकरी संपल्यापासून अण्णांची हीच नोकरी, आणि एकदाही खाडा नाही.

"आलीऽऽ!" अण्णा अंगणातून ओरडले.

भट्टीचे आकडे पुन्हा शून्यापासून लागले होते.

"हो अण्णा, आली!" वहिनी म्हणाली आणि चिमट्यानं तो दात उचलून डब्यात टाकला. डबा भरत आला होता.

आली

फोन आला तो डॉक्टरीणबाईंचा. वहिनीचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून यायचं.

"झालं का काम?"

"लाइट गेली, मॅडम."

"हे बघ, तुझ्यासारखा हात मोठ्या लॅबमध्ये एकाचाही नाही. पण त्यांची लाइट जात नाही. माझा पेशंट तोंडावर रुमाल धरून ऑफिसला जातोय, त्याला मी तुझा हात दाखवू का? बघ काहीतरी. नाहीतर मला सगळंच काम तिकडे वळवावं लागेल, मग रडू नकोस."

"रडणार नाही," वहिनी म्हणाली. आणि रडलीही नाही. बॅटरीवाली सोलार सिस्टीम बसवायची, हे तिनं फोन ठेवायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. पैसे कुठून आणले ते तिचं तिला ठाऊक, आपण त्यात नाक खुपसायला नको.

सल्ला द्यायला धाकटा दीर आला. त्यानं स्वतःच्या घरावर मागच्याच वर्षी पॅनेल बसवली होती आणि तेव्हापासून तो सूर्याशी घरोबा असल्यासारखा बोलायचा.

"वहिनी, माझ्यासारखी साधी सिस्टीम घ्या. बॅटरी नाही, कटकट नाही."

"भावजी, मागच्या आठवड्यात लाइट गेली तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"घामाघूम बसलो होतो."

"छतभर पॅनेल असून? भर उन्हात?"

"अहो, ती सिस्टीमच तशी असते. लाइन गेली की तीही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून."

"म्हणजे पाऊस आला की आपोआप मिटणारी छत्री."

वहिनीचा नवरा खो खो हसला. भावजींनी चहा अर्धाच प्यायला.

तीन विकणारे आले. टायवाल्यानं विचारलं, "बेडरूम किती, मॅडम?" वहिनी म्हणाली, भट्टी बेडरूममध्ये झोपत नाही. त्याला काही कळलं नाही, तो कागद ठेवून गेला. गॉगलवाल्यानं अख्खं घर, एसी, पंप, गीझर, "आणि पुढे गाडीसुद्धा" चालेल असं सांगितलं, पण भट्टीच्या खोलीत डोकावलासुद्धा नाही. तिसरा खांद्याला पिशवी लावून आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "आधी भट्टी लावा. बघू काय खाते ते."

भट्टी लागली. त्यानं वायरीला चिमट्यासारखं मीटर अडकवलं. पंप सुरू झाला तसा मीटरवरचा आकडा टुणकन वर उडाला आणि मग खाली बसला.

"उठताना जोर करते. इन्व्हर्टर या उडीच्या हिशेबानं घ्यायचा. बसल्यावर किती खाते त्यावर घेतलात तर पंप लागला की तो मान टाकणार."

"आणि बॅटरी?"

"हायब्रिड इन्व्हर्टर घ्यायचा, म्हणजे एका डब्यात तिन्ही. ऊन असलं तर ऊन, ते कमी पडलं तर लाइन, आणि लाइन गेली तर बॅटरी. लाइन असतानाही बॅटरी भरून ठेवायची, रिकामी होऊ द्यायची नाही. लाइन गेली तरी भट्टीला कळणार नाही."

"मग मला कसं कळणार?"

"शेजारी बोंबलतील की."

वहिनीला माणूस पटला. तरी तिनं त्याला सहज सोडलं नाही. ढगाळ दिवशी, लाइन नसताना, लागोपाठ तीन घाणे काढायचे तर बॅटरी पुरेल का? तो म्हणाला, टायवाल्याच्या कागदावरची नाही पुरणार, तिच्या वरची घ्या. मग पैसे? पॅनेल दोन कमी करा, नंतर वाढवता येतात. बॅटरी लिथियमची घ्या, पाणी घालायला नको. वहिनीनं ऐकलं, पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं आणि हो म्हणाली.

"बॅकअपच्या लाइनवर काय काय टाकायचं?" त्यानं विचारलं.

"भट्टी, तिचा पंप, माझा टेबलावरचा दिवा."

"फ्रिज तरी घे," नवरा म्हणाला.

"नाही."

"टीव्ही? मॅच असली तर?"

"नाही."

"एखादा पंखा? मी घरातलाच माणूस आहे, अगं."

"तुम्ही हाताने वारा घ्या. तुमच्यात बुडबुडे होत नाहीत."

गेली आणि आली, तिचं तिलाच माहीत

सोलारवाल्यानं एकट्यानं काम उरकलं. भट्टीच्या खोलीत उष्मा असतो म्हणून इन्व्हर्टर आणि बॅटरी बाहेर पॅसेजच्या सावलीतल्या भिंतीवर गेली. शेवटी तो अंगणात त्या हँडलपाशी येऊन उभा राहिला.

"भट्टीच्या खोलीची जुनी वायर यातून जाते. नवी लाइन यातूनच नेता येईल, वायर दणकट आहे. पण मग हे खाली पाडलं की भट्टी बॅटरीवरून सुटणार आणि जनरेटरवर जाणार. त्यापेक्षा हे काढूनच टाकतो."

वहिनीनं बघितलं. अण्णा उकिडवे बसून जनरेटर पुसत होते. फडकं पिळून, टाकीच्या खाचेतून बोट फिरवून. लहान मुलाचा कान पुसावा तसा.

"राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे म्हणजे?"

"राहू दे म्हणजे राहू दे. कुणी हात लावणार नाही."

"त्यांना सांगितलंय?"

"सांगते."

सोलारवाल्यानं खांदे उडवले आणि वायर हँडलमधून नेली. मग त्यानं घराचा मेन स्विच पाडला. बाथरूममधून नवरा ओरडला, "अगं, लाइट!" पण भट्टीचे आकडे चढत होते, जराही न अडखळता. वहिनीनं त्यांच्याकडे इतक्या कौतुकानं बघितलं की सोलारवाल्यानं तोंड फिरवून पिशवी आवरायला घेतली.

अण्णांना मात्र तिनं सांगितलं नाही. सकाळी सांगू म्हणाली, मग जेवण झाल्यावर सांगू म्हणाली, मग डॉक्टरीणबाईंचं काम आलं. समोरचे सहा दात, एकाच पुलावर, म्हणजे सहाही टोप्या एकमेकींना जोडलेल्या. त्या रुमालवाल्याचे. सांगायचं तरी काय? अण्णा, तुमची नोकरी गेली?

ती कामाला बसली. थर चढवले, छटा जुळवल्या, दातांच्या कडा जराशा निळसर ठेवल्या, कारण खऱ्या दातांच्या असतात. भट्टी लावली. पंप घुमायला लागला. गल्लीत कुणीतरी "गेली रे!" म्हणून बोंबललं आणि आकडे चढतच राहिले. वहिनीनं कितीतरी महिन्यांनी खुर्चीला पाठ टेकवली, डोळे मिटले आणि

गेली

बाहेरून खट्‌कन आवाज आला.

"घाबरू नकोस गंऽ! आलोऽऽ!" अण्णांनी दोरी ओढली.

भट्टी काळी पडली होती.

आली

"अण्णा."

"आली ना? आज पहिल्याच ओढीत लागला."

"अण्णा, माझी लाइट गेलीच नव्हती."

"गल्लीत अंधार आहे की."

"गल्लीत आहे. भट्टी बॅटरीवर चालली होती. तुम्ही हँडल पाडलंत तेव्हा बंद पडली."

अण्णांनी हँडलकडे बघितलं, मग सुनेकडे.

"पाडायचं नव्हतं, तर भिंतीवर ठेवलंस कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"म्हणजे शोभेला."

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. दोन-तीन चांगली वाक्यं तिच्या तोंडाशी आलीही होती.

"हो," ती म्हणाली. "शोभेला. माझं चुकलं. पण अण्णा, ते आता निघणार. आजच."

"मग काढ."

"राग आला?"

"आला. तू काढ."

आणि ते खुर्चीत जाऊन बसले, गल्लीकडे तोंड करून.

वहिनीनं आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारायच्या आत सांगितलं की सहाचे सहा गेले, दोष लाइटचा नाही, घरातला आहे, पुन्हा करते.

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला. "तो उद्या दुपारी खुर्चीत बसणार आहे. तोवर आले तर आले. नाहीतर हेही काम मोठ्या लॅबला आणि यापुढचंही. मी चिडून नाही म्हणत."

"माहीत आहे."

सोलारवाला तासाभरात आला. "मी म्हटलं होतं," असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या पिशवीनं ते म्हटलं. त्यानं हँडल उतरवलं, वायर थेट जोडली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आणि चार भोकं. अण्णांनी मान वळवली नाही. नवऱ्यानं मधे पडून "अगं, त्यांना जरा..." असं सुरू केलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "त्यांना जरा काही नको. त्यांना खरं सांगायचं होतं, ते सांगून झालं. तुम्ही भाताचं बघा."

तिनं सहा टोप्यांवरची नासकी चिनीमाती घासून काढली. हात दुखायला लागले तेव्हा हात बदलला. धातू पुन्हा लखलखीत झाला तशी पूड कालवली आणि पहिला थर चढवला. भट्टीनं तो नीट भाजून दिला. पण पहिला थर कुणीही भाजेल. खरं काम सकाळी होतं.

सकाळी आभाळ भरून आलेलं. पॅनेल नावापुरती चालू. वहिनीनं पॅसेजमध्ये जाऊन बॅटरीचा आकडा बघितला, दोन घाण्यांचा अंदाज घेतला आणि परत येऊन बसली. वाट बघण्यात अर्थ नव्हता. मुख्य थर लावला. छटा बघितली, पुसला, पुन्हा लावला. टोप्या भट्टीच्या बैठकीवर ठेवल्या आणि भट्टी लावली.

पंप घुमायला लागला आणि गल्लीत लाइट गेली.

बाहेर खुर्ची करकरली. अण्णा उठले होते. वहिनीला खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. ते दोन पावलं भिंतीकडे गेले, हात अर्धा वर उचलला, आणि तिथं काही नाही हे हाताला उशिरा कळलं. हात खाली आला. ते तसेच उभे राहिले.

मग ते घरात आले. भट्टीच्या खोलीत अण्णा कधी पाऊल टाकत नसत, पूड नाकात जाते म्हणून. आज उंबऱ्यात थांबले.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"खरंच गेलीय हं, समोर सगळीकडे गेलीय."

"हो."

"बघू."

ते आत आले आणि आकड्यांसमोर उभे राहिले. आकडे चढत होते. अण्णा ते मनाशी वाचत होते, ओठ हलत होते. वहिनीही वाचत होती. पंप थांबला. बैठक हळूहळू खाली उतरली आणि तिच्यावर सहा दात, निखाऱ्यासारखे लाल.

"हात नका लावू, अण्णा."

"मी कशाला लावतोय? एकदा लावला तेवढा पुरे."

वहिनी हसली. अण्णा हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. दात निवेपर्यंत थांबले. लाल रंग उतरला, पिवळट झाला, मग दातांचा झाला. वहिनीनं भिंगाखाली एकेक दात फिरवून बघितला. एकही बुडबुडा नव्हता. तिनं अण्णांपुढे भिंग धरलं.

"हे माणसाचे वाटतात," अण्णा म्हणाले.

"माणसाचेच आहेत."

चकाकीचा शेवटचा घाणाही बॅटरीवरच निघाला. लाइन आलीच नाही. नवरा दातांची डबी खिशात घालून स्कूटरवर सुटला, आणि वहिनी टेबलाशी बसून राहिली. उष्टं ताट समोर असावं तसे ब्रश, पूड, पाणी समोर पसरलेलं. ती आवरत नव्हती. फोन वाजला तेव्हा तिनं तो पहिल्या रिंगला उचलला.

"बसले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घासावंसुद्धा लागलं नाही. आरसा सोडत नाहीये माणूस. ऐक, चार दाढांचं माप पाठवतेय, परवा हव्यात. तुझ्याकडे लाइट आहे ना?"

वहिनीनं बाहेर बघितलं. गल्ली अजून बंदच होती. समोरचे काका बनियनवर दारात उभे राहून वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढत होते, आणि अण्णा एक्स्टेंशनची वायर खांद्यावर टाकून जनरेटर त्यांच्या दाराकडे ढकलत होते.

"आहे," ती म्हणाली. "पाठवा." फोन खांद्यात तसाच धरून तिनं पूड कालवायला घेतली.