वीतभर पुढे

“बेल तुम्ही दाबताय की मी दाबू?” बायकोने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे त्याचा हात खिशातून बाहेर आला. ज्या हाताने कसोटीत तीनशे एकोणीस बळी घेतले, भल्याभल्यांची भंबेरी उडवली, तो हात एका बटणाला घाबरत होता. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं. आता तोफेच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली होती.

घर मास्तरांचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी मास्तर तोफेविरुद्ध पाहुण्या संघाकडून खेळत, आणि त्यांचा डावा डोळा तोफेच्याच चेंडूने गेला होता. पुढे त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. एवढा विमानप्रवास करून तोफ आज त्यांना एक गोष्ट सांगायला आला होता. सांगायचं ठरवून तो याआधी दोनदा विमानतळापर्यंत गेला होता, आणि दोन्ही वेळा परत फिरला होता.

गोष्ट तशी एका पावलाची. मालिकेचा शेवटचा सामना, पाहुण्यांची शेवटची जोडी, जिंकायला तीन धावा, आणि समोर मास्तर अठ्ठ्याऐंशीवर घट्ट पाय रोवून उभे. सकाळपासून टाकून टाकून तोफेचा पिट्टा पडला होता. वेगवान गोलंदाज थकला की त्याची ढांग आखूड होते आणि पाय रेषेच्या फार मागे पडतो. म्हणून त्याने धावायला सुरुवात करायची खूण बुटाने पाऊलभर पुढे ओढली. सगळेच तसं करतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण आधीच्या चेंडूवर मास्तरांनी चौकार मारला आणि तोफेचं डोकं फिरलं. रागाच्या भरात तो पुन्हा सकाळच्या ढांगांनी धावत सुटला. खूण पुढे आहे हे पार विसरला. डावा पाय पडला तेव्हाच त्याला कळलं की पाय सबंध रेषेच्या पलीकडे आहे. तोवर चेंडू हातातून सुटला होता.

तेव्हाच्या हेल्मेटला पुढे जाळी नसे. मास्तर डोळा धरून मागे कोसळले ते थेट यष्ट्यांवर. पाय पुढे पडला तो चेंडू नोबॉल, त्यावर असा गडी बाद होत नाही. पण पंचांनी बोट वर केलं, सामना संपला, लोक मैदानात धावले. संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर पंचांनी त्याला गाठून हळूच विचारलं होतं, “तुझ्या अंगाआड मला रेष दिसली नाही. पाय मागे होता ना रे?”

“होता,” तोफ म्हणाला होता.

त्या एका शब्दाने त्याची पाठ सोडली नाही. पुढे आणखी नऊ वर्षं तो खेळला, पण प्रत्येक चेंडूनंतर त्याची नजर आधी स्वतःच्या पायाकडे जाई. निवृत्तीनंतरही दारातून आत जाताना तो खाली बघे. प्रत्येक सत्काराला लोक पडद्यावर तोच चेंडू दाखवत. कॅमेऱ्यात त्याचे पाय आलेच नव्हते, फक्त वर गेलेले हात दिसत. टाळ्या वाजत, आणि तोफ पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत बसे. आज तरी पाय दिसतील, असं त्याला दर वेळी वाटे.

गेल्या महिन्यात ते पंच वारले. त्या दिवशी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “तुमचे बूट मी पुसायचे ना? डाव्या टाचेला रेषेचा चुना लागला नाही असा एक दिवस गेला नव्हता. त्या शेवटच्या चेंडूच्या आधी तुम्ही बूट बदलले होते. त्या नव्या जोडाची टाच कोरी होती. पाय मागे पडला असता तर चवड्याला तरी चुना लागला असता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली.”

दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. आत टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या आणि एकीवर मास्तर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

“ये रे बाबा,” मास्तर म्हणाले. “तू काही बदलला नाहीस हं.”

“काहीतरीच काय. पार खुळखुळा झालाय माझा.”

“एका डोळ्याने सगळेच बरे दिसतात.”

हसावं की नाही हे तोफेला कळेना. चहा आला, गुडघ्यांच्या गोष्टी झाल्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं झाली. तोफेच्या बायकोने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

मग मास्तरच म्हणाले, “चेंडू लागतानाचा तो फोटो बघितला असशील तू. माझे डोळे मिटलेले आहेत त्यात. आमच्याकडे पहिल्या पानावर छापला होता, वर एकच शब्द, ‘घाबरला’. डोळा काय, एका डोळ्यावर भागतं. पण चेंडू लागायच्या आधीच मी खरंच डोळे मिटले होते का, हे मलाच आठवत नाही बघ. वडिलांनी मला खेळायला शिकवलं. चेंडूवरून नजर काढायची नाही, एवढंच ते सांगायचे. त्या दिवसानंतर ते माझ्याशी खेळाविषयी एक शब्द बोलले नाहीत.”

“नोबॉल होता तो,” तोफ म्हणाला.

“काय?”

“माझा पाय पुढे होता. तू बाद नव्हतास. पंचांनी विचारलं आणि मी खोटं बोललो.”

“बूट मी पुसले होते,” त्याची बायको म्हणाली. “मलाही माहीत होतं. मीही गप्प बसले.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “किती पुढे?”

“वीतभर. थोडा जास्तच.”

मास्तरांनी टेबलावर आपली वीत ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. “वीतभर जवळून,” ते पुटपुटले. “तुझ्या वेगाला. म्हणजे मला वेळच कमी मिळाला.” मग एकदम मान वर केली. त्यांचा आवाज चढला. “चाळीस वर्षं, अरे! आणि आज येतोस? वडील जाऊन सोळा वर्षं झाली माझे. सोळा!”

माफी मागायची म्हणून तोफेने वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही त्याला उच्चारावंसं वाटेना. आपण उशिरा आलो एवढंच खरं होतं.

मास्तर उठले. आतल्या खोलीत गेले. खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. परतले तेव्हा हातात वडिलांचा फोटो होता. काचेवरची धूळ त्यांनी त्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि फोटो आपल्या खुर्चीवर, पाठीला टेकवून, तोफेच्या समोर ठेवला. बायकोला म्हणाले, “तूही बस गं.” स्वतः खुर्चीमागे उभे राहिले.

“आता परत सांग,” ते म्हणाले. “पहिल्यापासून. आणि जरा मोठ्याने सांग, शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं.”