दोन्ही वायरी हातात

"बदललीस का?" नवऱ्याने आतल्या खोलीतून विचारलं.

"बदलतेय हो," म्हणत सिस्टर पॅसेजमध्ये राउटरपुढे फतकल मारून बसली. नर्सची नोकरी संपली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. तर आज सिस्टरकडे एक परीक्षा घ्यायचं काम होतं, आणि परीक्षार्थी आत डोळे मिटून बसला होता.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नवरोबांना नेटवरून स्पीकरवर गाणी ऐकायचा नाद लागला. हा माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे लागला, की हात धुऊनच लागायचा. आधी नेटचा वेग वाढवला, मग राउटर नवा आणला, मग अंगठ्याएवढी जाड वायर. प्रत्येक वेळी म्हणे आवाज आणखी खुलला. मुलगी इंजिनिअर. तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, की बाबा, गाणं आकड्यांच्या रूपात येतं. अडकत येत असेल तर नवा राउटर घ्या, पण नीट पोचणारं गाणं जाड वायरीने गोड होत नाही. झालं, नाकाला मिरच्या झोंबल्या. पैज लागली. आई वायर बदलेल, मी न बघता ओळखीन. नाही ओळखलं तर सगळं परत करीन आणि पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार नाही.

माणूस शब्दाचा पक्का, म्हणून तर सिस्टरला ही पैज नको होती. त्याची दिवसपाळी, हिची रात्रपाळी. एक घरात शिरला की दुसरा चपला घालायचा. असाच संसार झाला. दोघं निवृत्त होऊन समोरासमोर आली, तर बोलायला काही सापडेना. तो खिडकीशी, ती स्वयंपाकघरात. या वायरींच्या भानगडीपासून मात्र येता-जाता हाक यायची, अगं, हे ऐक जरा. तिला आवाजातला फरक अजिबात कळत नव्हता. तरी ती हातातलं काम टाकून जायची, बसायची, छान म्हणायची. तिला ती हाक हवी होती. आज तो हरला, तर हाक बंद होणार होती.

तिने जुनी वायर काढली. गाणं मधे जराही थांबलं नाही. ती नव्या राउटरची करामत, असं त्याचं म्हणणं. नवीचं टोक मात्र काही केल्या बसेना. ती खटपट करत होती, तेवढ्यात आतून आवाज आला.

"ही नवी. बघ, गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू येतोय."

सिस्टरने खाली पाहिलं. दोन्ही वायरी तिच्या हातात होत्या. यंत्र थोडं गाणं आधीच उतरवून ठेवतं, हे मुलीने तिला नंतर समजावलं. त्या घडीला एवढंच कळलं, की नवरा नसलेल्या वायरीला दाद देतोय.

तिला हसू आलं नाही. वॉर्डात साध्या ताकदीच्या गोळीने कितीतरी पेशंट म्हणायचे, सिस्टर, आता बरं वाटतंय. त्यांना बरं वाटायचं ते खरंच असायचं. तिने कुणाशी कधी वाद घातला नाही.

"बरोबर. नवीच," ती म्हणाली.

आणि गाणं बंद पडलं.

तो बाहेर आला, तेव्हा ती घाईघाईने वायर खुपसत होती. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

"कुठली होती मग?"

थाप ओठांवर आली होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिच्याच्याने मारवेना.

"कुठलीच नव्हती."

तो तिच्याशेजारी खाली बसला. कारखान्यात लेथवर केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस, त्याचा चेहरा एवढासा झाला. "तुम्हाला ऐकू आलं ना, मग झालं," असं ती म्हणाली, पण त्याने मान हलवली. उठून स्वतःच मुलीला फोन लावला. मी हरलो, एवढंच म्हणाला. सबब एकही सांगितली नाही. मग जाड वायर नीट गुंडाळून खोक्यात ठेवली.

सिस्टरला राहवेना.

"सगळं परत करा हवं तर. पण मला हाक मारायचं बंद करू नका. माझ्याशी बोलायला तुम्हाला आत्ता कुठे काहीतरी सापडलं होतं."

तो जुनी वायर लावून आत गेला. आता पुन्हा ती खिडकी, असं म्हणत सिस्टरने मनाची तयारी केली आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"अगं, ये ना," आतून हाक आली.

ती गेली. तो फोन हातात घेऊन बसला होता.

"ही गाणी तुला आवडत होती का गं?"

"नाही," ती म्हणाली. खरं बोलायला सुरुवात झालीच होती. "ती बाई फार रडते."

तो हसला. "मग तुला कुठलं लावू?"

सिस्टर बघतच राहिली. कुठे दुखतंय, पाणी हवंय का, उशी वर करू का, असं जन्मभर तिने दुसऱ्यांना विचारलं होतं. तिला काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर एक गाणं आठवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा हं, आठवते."

"आठव," तो म्हणाला, आणि काहीच न लावता तसाच बसून राहिला.